‘गाळ’ गाळताना

बापूंनी सकाळी मला दिलेलं काम एका वाक्यात मावणारं होतं. बंद पडलेल्या प्रकल्पांचे गट जेवणाच्या सुट्टीआधी काढून टाक.

बापू म्हणजे आमच्या यंत्रखोलीचे प्रमुख. त्यांना सगळेच बापू म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. यंत्रखोली संस्थेच्या तळमजल्यावर आहे. आत सगळ्या विभागांचा मिळून एक मोठा संगणक, आणि तो तापू नये म्हणून अशी थंडी की उन्हाळ्यातही आम्ही स्वेटर खुंटीला टांगून ठेवतो. पंख्यांच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, म्हणून बसणं-उठणं बाहेरच्या काचेच्या खोलीत.

संगणक एक आणि गणितं करणारे पुष्कळ, तेव्हा भांडणं होणारच. ती होऊ नयेत म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या चालू प्रोग्रामांचा एक गट करतात. गटाला सांगून ठेवलेलं असतं: इतकी मेमरी तुझी राखीव, इतके प्रोसेसर तुला वापरता येतील. प्रकल्प संपला की गट मोडायचा. त्यासाठी ‘सीजीडिलीट’ नावाची आज्ञा आहे. ती लिहायची, पुढे गटाचं नाव लिहायचं आणि एन्टर दाबायचं. काम झालं तर ही आज्ञा गप्प बसते. काही चुकलं तरच तोंड उघडते. बापू म्हणतात, “अगदी आमच्या सासऱ्यांसारखी.”

‘भूकंप’ गेला. ‘पराग’ गेला. ‘वाळवी’ गेला. नावं विभागांनीच ठेवलेली, त्यामुळे यादी वाचताना कुठल्या तरी विचित्र शाळेची हजेरी घेतेय असं वाटतं. पुढचं नाव होतं ‘गाळ’, आणि तिथे माझा हात थांबला.

‘गाळ’ रिकामा नव्हता. त्यात एक प्रोग्राम चालू होता, आणि तो माझ्या ताईचा होता.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आमच्या वरच्याच मजल्यावर तिची प्रयोगशाळा. धरणाच्या पाण्यात गाळ कसा आणि कुठे बसतो याचं ती गणित करते. वर्षाच्या सुरुवातीला तिचे सर दुसरीकडे मोठ्या पदावर गेले, प्रकल्प बंद झाला, माणसं आपापल्या मूळ विभागांत परत पाठवली गेली. राहिली ती ताई आणि तिच्या प्रबंधाचं शेवटचं गणित. कित्येक आठवडे ते चालू होतं. प्रबंध द्यायची मुदत एकदा वाढवून घेतलेली. पुन्हा वाढणार नव्हती. आणि हे गणित मध्येच बंद पडलं तर ते परत सुरू करायला ना गट मिळणार होता, ना प्रकल्प उरला होता.

“बापू, ‘गाळ’मध्ये काम चालू आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे दिलं.”

“म्हणजे?”

“दुसऱ्या कोणी मोडला असता आणि तुझ्या बहिणीला ते उद्या मेल वाचून कळलं असतं. बरं दिसलं असतं का ते? तू जा, तिच्या तोंडावर सांग, मग मोड.”

“तिचं होईपर्यंत थांबलो तर?”

“त्या गटाची राखीव मेमरी हवामानवाल्याला मंजूर झालीय. दुपारी त्याचं काम सुरू होतंय. आज तुझ्या बहिणीसाठी थांबलो, तर उद्या माझ्या भाच्यासाठी थांबावं लागेल, आणि माझा भाचा काय लायकीचा आहे ते मला ठाऊक आहे.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “घाबरतेस कशाला? गट मोडला म्हणून लेकरं मरत नाहीत. आईकडे जातात.”

हा आमच्या खोलीतला शब्द. गटाच्या वर गट असतो, त्याच्या वर आणखी एक. वरच्या गटाला माझ्या आधीच्या कोणीतरी ‘आई’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. ‘बाप’ का नाही, असं मी नवी असताना विचारलं होतं. “बापाकडे कोण जातं?” असं बापूंनीच उत्तर दिलं होतं.

मी वर गेले.

ताईच्या प्रयोगशाळेत आता एकच खुर्ची वापरात होती. बाकीच्या टेबलांवर वायरींची भेंडोळी पडलेली. भिंतीकडेला काचेची लांब टाकी होती. पूर्वी ते खरा गाळ आणून त्यात पाणी सोडायचे. पाणी केव्हाच काढून टाकलं होतं, तळाशी गाळाचा वाळलेला थर तेवढा उरला होता, तडे गेलेला. ताई पडद्यावरचे आकडे बघत होती.

“ये बुटके. आज खालची मंडळी वर कशी?”

मी तिच्यापेक्षा चार बोटं उंच आहे. तरी बुटकीच.

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तू ‘गाळ’ गाळणार.”

“तसं म्हण.”

“परीक्षेत असायचं ना, गाळलेल्या जागा भरा. आता प्रबंधात शेवटच्या प्रकरणाच्या जागी तेच छापते.”

“ताई, तुझं काम बंद पडणार नाहीये. गट मोडला की त्यातले प्रोग्राम आईगटात जातात. आईकडे. तिथे चालू राहतात.”

“कोणाच्या आईकडे?”

“अगं, वरच्या गटाला आम्ही आई म्हणतो.”

“आपल्या आईसारखी?”

“सगळ्या आया सारख्याच.”

“तर मग झालंच,” ताई म्हणाली आणि हसली. हसली खरी, पण हात पडद्याच्या कडेवर तसाच होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

जिना उतरताना ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. आपल्या आईसारखी. आईगटात प्रोग्राम जातात हे मला माहीत होतं. तिथे गेल्यावर त्यांचं काय होतं, हे मी कधी पाहिलेलंच नव्हतं. बापूंनी सांगितलं होतं आणि शब्द इतका मायेचा होता की पुढे विचारावंसं वाटलं नव्हतं.

माझ्या टेबलाखाली एक जुना छोटा संगणक आहे. मोडतोड करायची ती त्याच्यावर करायची असा आमचा नियम. मी त्याच्यावर एक गट केला आणि त्यात दोन प्रोग्राम सोडले. दोघांचं काम एकच: मेमरी धरून नुसतं बसून राहायचं. एक थोडी जागा धरणारा, एक भरपूर. मग गट मोडला. आज्ञा गप्प राहिली. दोन्ही प्रोग्राम आईगटात दिसले, जिवंत. इथपर्यंत बापूंचं म्हणणं बरोबर.

मग मी तिसरा प्रोग्राम सुरू केला, मेमरी खात सुटणारा. पंखा भणाणला, पडदा अडखळायला लागला, आणि एकदम सगळं सुरळीत झालं. पाहिलं तर तिघांतले दोघेच उरलेले. नोंदीत एक कोरडी ओळ होती: मेमरी अपुरी, अमुक प्रोग्राम बंद केला. गेलेला प्रोग्राम भरपूर जागा धरणारा होता. तो आधी सुरू झाला म्हणून गेला की मोठा म्हणून? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. मी क्रम उलटा केला. पुन्हा मोठाच गेला.

संगणकाचं वागणं सरळ आहे. गटात असताना तुझं राखीव तुझं. आईकडे वेगळं ताट नाही, सगळे एका पंगतीत. जागा कमी पडली की ज्याला उठवल्यावर सर्वांत जास्त जागा होईल त्याला उठवायचं. त्यात राग नाही आणि लोभ नाही. बसलेला किती आठवड्यांपासून बसलाय, तेही बघायचं नाही.

मोठी ना तू, तू सोड.

आमच्या घरी सुट्टीत मावशी आणि तिची मुलं यायची, तेव्हा झोपायला जागा पुरायची नाही. आई दारात उभी राहून खोलीभर नजर फिरवायची आणि नजर ताईवर थांबायची. “मोठी ना तू? तू पॅसेजमध्ये झोप.” ताई उशी उचलून जायची. खिडकीजवळची गादी मला मिळायची. यात कोणाचं काही चुकत होतं असं कोणालाच वाटत नव्हतं, कारण जागा खरंच कमी होती आणि ताई खरंच मोठी होती.

मोठ्या संगणकावर कोण किती मेमरी धरून आहे ते मी काढलं. हवामानवाल्याच्या मंजूर कामाला हात लावू नये अशी खूण केलेली असते. खूण नसलेल्यांत सर्वांत मोठा प्रोग्राम ताईचा होता. माझी गाळण उडाली.

मी परत वर गेले. “ताई, मघाशी मी सांगितलं ते अर्धंच खरं होतं.” आणि उरलेलं अर्धं सांगितलं.

तिने पडद्यावरच्या आकड्यांवर नजर टाकली. मग म्हणाली, “म्हणजे आपलीच आई.”

“तुझा प्रोग्राम मध्येमध्ये जतन होतो ना? तो बंद पडला तर तिथून पुढे...”

“व्हायचा. नव्या थराचं समीकरण घातलं तेव्हापासून ते जतन होणं बिघडलंय. दुरुस्त करायचं तर प्रोग्राम थांबवावा लागला असता. म्हटलं, राहू दे, होतच आलंय.”

“किती राहिलंय?”

“या वेगाने उद्या संध्याकाळ.”

मी टाकीच्या कडेला टेकले. “एक करता येईल. हवामानवाल्याच्या कामाला असते तशी खूण मी तुझ्या प्रोग्रामलाही करू शकते. माझ्याकडे तेवढा अधिकार आहे.”

“मग कर की.”

“मग तुझ्यानंतर जो मोठा आहे तो जाईल.”

“तो कोण?”

“कीटकशास्त्रातला एक मुलगा आहे. त्याचंही बरेच दिवस चालू आहे. चेहरा ओळखीचा नाही.”

ताईने खुर्ची फिरवून टाकीकडे तोंड केलं. “नको. तोही कोणाच्या तरी घरातला मोठा असायचा.” आणि मग, मला भीती होती तेच: “जाऊ दे बुटके. त्याची मंजुरी आहे, आपण कोण थांबवणार? मी बघते काहीतरी. मागच्या उन्हाळ्यातले निकाल आहेत, त्यांच्यावर शेवटचं प्रकरण उभं राहील कसंबसं.”

“ताई, तुला अजून कोणीही सोड म्हटलेलं नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“हवामानवाल्याला विचारलंस का?” मी म्हटलं. “नाही म्हणाला तर मग उशी उचल.”

उशीचं तिला लगेच कळलं. ती उठली, पायांत चपला सरकवल्या आणि माझ्यापुढे चालायला लागली.

हवामानवाला आवाजाने आणि अंगाने दणदणीत माणूस. त्याच्या खोलीत तीन पडद्यांवर ढग सरकत होते आणि खिडकीला मात्र पडदा ओढलेला. खरं आभाळ त्याला बघवत नाही, असं सगळे त्याला चिडवतात.

“या, या. गाळवाल्या बाई स्वतः? काय बसलं तळाला?”

ताई उभीच राहिली. “तुमचं काम आज दुपारी सुरू होतंय. ते मोठं झालं की मेमरी संपेल आणि माझा प्रोग्राम बंद पडेल. तो पुन्हा सुरू करता येणार नाही. तुम्ही थांबाल का?”

मला वाटलं होतं, ती आधी माफी मागेल, मग मुद्द्यावर येईल. तिने मुद्दाच आधी मांडला.

हवामानवाल्याचा चेहरा बदलला. “किती वेळ?”

“आत्ताच्या वेगाने उद्या संध्याकाळ. नक्की सांगता येत नाही.”

“नक्की सांगता येत नाही हे उत्तर मी जगाला देतो. मला कोणी देत नसतं.” त्याने गाल खाजवला. “असं करतो. आधी जाड जाळीचं गणित लावतो, म्हणजे नकाशाचे चौकोन मोठे घेऊन. त्याला मेमरी थोडी लागते. बारीक जाळी संध्याकाळी घरी जाताना लावेन. तोवर तुमचं राज्य.”

“आज संध्याकाळपर्यंत पुरायचं नाही.”

“बाई, मलाही वर उत्तर द्यायचंय. आज लावलं नाही तर मंजुरी दुसऱ्याकडे जाते.”

ते खोटं नव्हतं. आम्ही खाली आलो. बापूंना मी सगळं सांगितलं, छोट्या संगणकावर काय दिसलं तेही. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “इतकी वर्षं मी आईकडे जातात म्हणतोय. कधी कोणाच्या मागोमाग जाऊन पाहिलं नाही.” मग ताईला खुर्ची दिली. “बसा. तुमच्यासमोरच होऊ दे.”

मी आज्ञा लिहिली. पुढे ‘गाळ’. ताई माझ्या खांद्यावरून बघत होती.

“दाबू?”

“दाब.”

आज्ञा गप्प राहिली. “आमच्या सासऱ्यांसारखी,” बापू पुटपुटले. ‘गाळ’ गेला. ताईचा प्रोग्राम आईगटात आला, सगळ्यांच्या ओळीत, त्याच आकाराने. ताईने सोडलेला श्वास मला मानेवर जाणवला.

आम्ही काही वेळ नुसतं बघत बसलो. मग ताई म्हणाली, “हे काय?”

“कुठे काय?”

“पायऱ्या बघ. गणिताच्या पायऱ्या. एक संपेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. बोलता बोलता तीन झाल्या.”

आधी मला वाटलं आकडा चुकतोय. मग मी मोडलेल्या गटाची जुनी मांडणी उघडली. मेमरी राखीव होती, ते माहीतच होतं. खाली प्रोसेसरची ओळ होती, आणि ती मी आजवर वाचलीच नव्हती. ‘गाळ’ला प्रोसेसर मिळत होते एक चतुर्थांश. त्याच्या वर जायचं नाही. बाकीचे रिकामे बसले असले तरी नाही.

“हे कोणी ठरवलं?” ताईने विचारलं.

बापू आठवून म्हणाले, “तुमच्या सरांनीच. गट केला तेव्हा मी विचारलं होतं, किती देऊ? म्हणाले, थोडे पुरेत, गाळ सावकाशच बसतो. पुढे वाढवून मागायला कोणी आलंच नाही.”

“मागायचं असतं?”

“मागितल्याशिवाय कोण देतं?”

ताई पडद्याकडे बघत राहिली. ज्या गटाच्या मोडण्याचं तिला सकाळपासून दुःख होत होतं, त्यानेच तिचे पाय बांधून ठेवले होते. आणि आता पाय सुटले होते तर डोक्यावरचं छप्पर गेलं होतं. दोन्ही एकाच आज्ञेने. मी एरवी अशा गोष्टींचा एकच अर्थ लावते, बरं झालं किंवा वाईट झालं. या वेळी मला तसं करता येईना.

“आणि तू इथेच बसतेस,” ताई म्हणाली.

“तू कधी हळू चालतंय म्हणालीच नाहीस.”

“मला वाटलं गणितच तेवढं आहे.”

दुपार अशी गेली की तिघांपैकी कोणी धड जेवलं नाही. जाड जाळीचं गणित सुरू झालं, मेमरी चढली आणि एका जागी स्थिरावली. ताईच्या पायऱ्या पुढे जात राहिल्या. बापू येता-जाता डोकावायचे आणि “आहे?” विचारायचे. आम्ही “आहे” म्हणायचो. कोणी आजारी असावं तसं.

ऑफिस सुटायची वेळ झाली आणि टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. हवामानवाला.

“झालं का? मी निघतोय. बारीक जाळी लावतो.”

मी फोन ताईकडे दिला. पडद्यावर अजून पायऱ्या बाकी होत्या. फार नव्हत्या, पण होत्या. ताईने त्या मोजल्या, ओठ दाबले. मला ती लहानपणीची ताई दिसली, उशी काखेत मारलेली.

“नाही,” ती फोनवर म्हणाली. “झालेलं नाही. तुम्ही थांबा.”

पलीकडून काहीतरी आलं.

“हो, मी ऐकलं. संध्याकाळपर्यंत म्हणाला होतात. संध्याकाळ अजून संपलेली नाही. बाहेर बघा. पडदा सारून बघा.”

बापूंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

हवामानवाला खांद्याला बॅग लावून खालीच आला. “बाई, माझी बस जाते,” म्हणत तो आमच्या मागे उभा राहिला. मग बॅग खाली ठेवली. मग स्टूल ओढलं. शेवटच्या काही पायऱ्या चौघांनी बघितल्या. हवामानवाल्याला गाळातलं काही कळत नव्हतं, तरी पायरी बदलली की “हां” म्हणत होता.

गणित संपलं तेव्हा काहीच आवाज झाला नाही. पायऱ्यांचा आकडा थांबला, आणि आईगटातून एक ओळ कमी झाली. ताई हसलीसुद्धा नाही. तिने आधी निकालाची एक प्रत केली, मग दुसऱ्या जागी आणखी एक, दोन्ही उघडून पाहिल्या. मगच खुर्चीला टेकली.

“लावू?” हवामानवाल्याने विचारलं.

“लावा,” ताई म्हणाली. “आणि तुमची राखीव जागा नीट बघून घ्या. फक्त मेमरी नाही. प्रोसेसरची ओळसुद्धा वाचा.”

निघण्याआधी मी सवयीने एकदा खात्री केली. आज्ञा पुन्हा लिहिली, पुढे ‘गाळ’. या वेळी तिने तोंड उघडलं: असा गट नाही.

“ऐकलं?” मी ताईला म्हटलं.

“ऐकलं. सासरे बोलले.”

बस जवळजवळ भरली होती. मागे एकच बाकडं रिकामं होतं, दोघींपुरतं. मी पुढे होते, म्हणून सवयीने आत सरकले आणि खिडकीला जाऊन बसले. ताई बाकड्याजवळ उभी राहिली. बसली नाही.

“बुटके.”

“काय?”

“ऊठ. खिडकी मला हवी.”

मी उठले.